माळावरची माळ

लासूर स्टेशन या गावाचे वय त्याच्या नावातच आहे. रेल्वे आली म्हणून स्टेशन झाले आणि स्टेशन झाले म्हणून हे गाव आजच्या रूपात उभे राहिले. मनमाडहून निघालेला मीटरगेज रूळ नगरसोल, रोटेगाव, परसोडा, करंजगाव करत इथवर आला आणि पुढे पोटूळ, दौलताबादवरून औरंगाबादकडे गेला. निजामाच्या राज्यातील ही हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाली. शिवना नदीकाठचे लासूरगाव, दाक्षायणी देवीचे, त्याहून कितीतरी जुने. जुन्या गावाला जे हवे ते शिवारातून यायचे, स्टेशनाच्या गावाला जे हवे ते बाजारातून येते. कांदा, कापूस, किराणा यांच्याबाबतीत हा फरक सगळ्यांना दिसतो. नवरात्रात घटावर चढणाऱ्या माळेतही तो तितकाच स्पष्ट आहे, पण तिकडे सहसा कोणी इतिहास म्हणून पाहत नाही. या लेखातले म्हणणे एवढेच आहे की घटाची माळ ही त्या त्या शिवाराची नोंदवही होती. बांधावर, माळावर आश्विनात जे फुलत असे ते तिच्यात ओवले जाई. गंगापूर-वैजापूरकडच्या कोरड्या पट्ट्यात त्या वहीतले मोठे नाव तरवडाचे होते. तरवड माळेतून गेला तो कोणाची श्रद्धा कमी झाली म्हणून नव्हे. त्याच्यावर चालणारा धंदा बसला आणि तो ज्या जमिनीवर उभा असे ती जमीन नाहीशी झाली, म्हणून तो गेला.

तरवड म्हणजे छातीएवढे वाढणारे, बुंध्यापासूनच फुटवे काढणारे बहुवर्षायु झुडूप. पावसाळ्यात सगळीकडे उगवून दिवाळीपर्यंत वाळून जाणारा तरोटा किंवा टाकळा तो हा नव्हे, जरी दोघे एकाच कुळातले आणि दोघांची फुले पिवळी. तरवडाची साल तपकिरी व गुळगुळीत, पाने चिंचेच्या पानासारखी जोडीजोडीने लागलेली, पण दले मोठी. पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी दोन उपपर्णे असतात. त्यांच्यावरूनच वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली त्याचे नाव ‘कॅसिया ऑरिक्युलाटा’, म्हणजे कानवाला, असे ठेवले. पुढे रॉक्सबर्गने त्याला ‘सेना’ या प्रजातीत नेले आणि आजचे शास्त्रीय नाव तेच आहे. मूळचा तो भारत आणि श्रीलंका यांच्या कोरड्या भागांतला. थिओडोर कुक हे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य होते. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९०१ पासून प्रसिद्ध होऊ लागला, आणि त्यात तरवड आहे. गोदावरीपलीकडे नेवासे तालुक्यात तरवडी नावाचे गाव आहे. मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ हे वृत्तपत्र चालवले ते हेच गाव, आणि त्याच्या नावात हे झुडूप अजून ऐकू येते. ज्याच्या नावाने वस्ती ओळखली जावी इतका तो या मुलखात उठून दिसत असला पाहिजे.

आता माळेकडे येऊ. घट बसतो तेव्हा पत्रावळीवर किंवा परडीत शेतातली माती पसरतात, तिच्यात धान्य पेरतात, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवतात आणि वरून रोज एक माळ सोडतात. अनेक घरांत पहिली माळ विड्याच्या पानांची असते आणि पुढच्या फुलांच्या. अलीकडे नऊ दिवसांच्या नऊ ठरावीक फुलांची यादी छापून येते. तिच्यात सोनचाफा, अनंत, मोगरा, कृष्णकमळ अशी फुले असतात. ती यादी पाणी मुबलक असलेल्या बागेतून निघालेली आहे. पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या मुरमाड शिवारात अनंत आणि मोगरा कुठून आणायचे? तिथल्या घटावर तरवड, कारळा, तीळ, झेंडू अशी फुले चढत आली. यातली पहिली तीन पाहावीत. कारळा आणि तीळ ही शेतातली पिके, आणि तरवड हे पेरलेल्या शेताच्या काठावरचे, न पेरलेल्या जमिनीचे फूल. परडीतली माती वावरातली, धान्य कणगीतले, आणि माळ वावराच्या हद्दीवरची. म्हणजे कसलेली आणि न कसलेली अशी गावाची दोन्ही जमीन देवघरात येई. मराठीत ‘माळ’ हा शब्द फुलांच्या सरालाही आहे आणि उजाड उंचवट्याच्या जमिनीलाही. व्युत्पत्तीने हे दोन शब्द एक आहेत असे मी म्हणत नाही. तरवडाच्या बाबतीत मात्र एका माळावरून दुसऱ्या माळेत जाणारी वाट फार जवळची होती.

झेंडूचा विचार इथे टाळता येत नाही, कारण आज घटावर, दारावर, वाहनावर तोच आहे. झेंडू मूळ मेक्सिकोचा. तिथे पितरांच्या दिवसांत तो आजही ढिगांनी वाहतात. आपल्याकडे तो पोर्तुगिजांच्या दळणवळणातून, म्हणजे सोळाव्या शतकात किंवा त्यानंतर आला. त्यावरून एक गोष्ट निर्विवाद ठरते. सोळाव्या शतकाआधी या पठारावर आश्विनात देवीला जे काही पिवळे वाहिले जात असेल ते झेंडू नव्हते. शेवंती बाहेरून आलेली आणि बागेची. कारळाही फार पूर्वी आफ्रिकेतून आलेला, पण शेतात रुळलेला. कोणी न लावता, पाणी न घालता, दुष्काळातही फुलणारे ठसठशीत पिवळे फूल शोधू लागलो तर बोट तरवडावरच येऊन थांबते.

यावर एक रास्त हरकत निघते. धर्मग्रंथांत किंवा पंचांगांत तरवडाच्या माळेचे विधान कुठे आहे? नसेल तर ही केवळ सोय म्हणायची, प्रथा कशी? या हरकतीचे उत्तर ग्रंथात शोधून सापडणार नाही, कारण हा आचार लिहिणाऱ्यांच्या हातात नव्हताच. तो घरच्या बायकांच्या हातात होता आणि त्याचा पुरावाही आचारातच आहे. लासूरचा रूळ जिथे जातो त्या हैदराबादकडे पाहावे. तेलंगणात तरवडाला तंगेडू म्हणतात. भाद्रपद अमावास्येपासून आश्विनातल्या दुर्गाष्टमीपर्यंत तिथे बतुकम्मा चालते. बायका ताटात फुलांचे थरावर थर रचून मनोरा करतात, त्याभोवती फेर धरतात आणि मग तो पाण्यात सोडतात. त्या थरांत तंगेडू आणि गुनुगू ही दोन फुले मुख्य. गुनुगू म्हणजे आपल्या ज्वारी-बाजरीत उगवणारा कुरडू. म्हणजे तिथेही एक फूल बांधावरचे आणि एक पिकातले. आणखी दक्षिणेला तमिळनाडूत हेच झुडूप आवारम् होते. पोंगलच्या वेळी त्याची फुले कडुलिंबाच्या डहाळीबरोबर दाराला बांधतात. आवारम् फुललेले असताना मेलेला माणूस कोणी पाहिला आहे का, अशा अर्थाची म्हणही तिथे आहे. संगम साहित्यातल्या ‘कुरिंजिपाट्टु’ या काव्यात नव्व्याण्णव फुलांची यादी येते, तिच्यातही ते आहे. तीन भाषा, तीन सण आणि फूल एकच. यावरून या सणांचे मूळ एक होते असे मी काढत नाही. कोरड्या हवेत त्या ऋतूला जे फुलेल तेच तिघींनी उचलले असेल, एवढे स्पष्टीकरणही पुरते. पण ते स्पष्टीकरण माझ्याच म्हणण्याला बळ देते. माळ कोणते फूल घेते हे जमीन ठरवत होती, पोथी नव्हे.

लासूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि तेलंगणही. २०१४ साली तेलंगण वेगळे राज्य झाले तेव्हा त्याने तंगेडू राज्यफूल ठरवले आणि शमी राज्यवृक्ष. घटस्थापना ते दसरा या दहा दिवसांची दोन्ही टोके त्या निवडीत आली. महाराष्ट्राचे राज्यफूल ताम्हण. ते देखणे आहे, पण कोकणातल्या ओढ्याकाठचे आणि ओल्या रानातले. मराठवाड्याच्या माळाला त्यात स्वतःचा चेहरा सापडणे कठीण. एकाच संस्थानातून निघालेल्या दोन मुलखांपैकी एकाने हे झुडूप मानाने मिरवले, दुसऱ्याने ते विसरायला घेतले. या विस्मरणाचे कारण हवामानात नाही, कारण तरवडाला मानवणारे कोरडे हवामान दोन्हीकडे आहे. ते दुसरीकडे शोधावे लागते.

ते कारण सालीत आहे. तरवडाचे फूल देवघरात जात होते त्याच काळात त्याची साल कातडी कमावण्याच्या कुंडात जात होती. कच्चे कातडे ओले ठेवले तर कुजते, वाळवले तर फळीसारखे कडक होते. सालीतले टॅनिन हे तुरट द्रव्य कातड्यातल्या प्रथिनाला जखडते, मग ते पाण्याने कुजत नाही आणि लवचीकही राहते. दख्खनच्या पठारावर हे काम करणारी साधने म्हणजे बाभळीची साल, तरवडाची साल आणि हिरडा. तरवडाच्या सालीत टॅनिन शेकडा अठराच्या आसपास असते. इतर पुष्कळ सालींच्या मानाने ते चांगले आहे, आणि तिने कमावलेले कातडे फिकट रंगाचे, मऊ होते. त्याचा एक दोषही कारागिरांना ठाऊक होता. उन्हात ते तांबूस पडते, म्हणून शेवटी हिरड्याचा हात द्यावा लागे. जॉर्ज वॅट यांनी १८८९ पासून भारताच्या आर्थिक उपयोगाच्या वस्तूंचा कोश काढला. त्यात या झुडपाची ओळख कातडी कमावणाऱ्यांची वनस्पती अशी आहे. मद्रास इलाख्यात तर या सालीवर मोठी निर्यात उभी होती. तिथली अर्धवट कमावलेली कातडी ‘ईस्ट इंडिया किप्स’ या नावाने लंडनच्या बाजारात जात आणि तिथे त्यांना शेवटचा हात दिला जाई. पुस्तकांच्या बांधणीचे चामडे लवकर का झडते हे तपासायला लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने समिती नेमली. तिने १९०१ साली आपले म्हणणे मांडले तेव्हा दोष देताना या सालीचे नावही घेतले, आणि ते घेतले ‘तुरवार’ असे. इंग्रजांच्या जिभेवर गेलेला हा आपला तरवडच. पुस्तकाच्या पुठ्ठ्याला ते चामडे टिकले नसेल, पण ते काही पुस्तकासाठी जन्माला आले नव्हते. इथल्या शेतीत चामड्याला वेगळे काम होते.

ते काम पाण्याचे होते. इंजिने आणि विजेचे पंप येण्याआधी विहिरीचे पाणी मोटेने वर येत असे. मोट चामड्याची, तिची सोंड चामड्याची, बैलांच्या जुंपणीतल्या वाद्या चामड्याच्या, आसूड चामड्याचा, पाणी वाहणाऱ्या पखाली चामड्याच्या. दिवसभर पाण्यात बुडून वर येणारे चामडे नीट कमावलेले नसेल तर एका हंगामात फाटून जाई. म्हणजे ज्या झुडपाला कधी कोणी तांब्याभर पाणी घातले नाही, त्याच्या सालीने या मुलखाच्या बागायतीला पाणी पाजण्यात हातभार लावला. हे काम ढोर आणि चांभार समाजांच्या हातचे. त्यांनी कमावलेल्या चामड्यावाचून गावाचा एक दिवस चालत नसे आणि तरीही त्यांची कुंडे, त्यांची घरे गावाबाहेर ठेवली जात. इथे तरवडाच्या इतिहासातली सगळ्यांत बोचरी गोष्ट दिसते. त्याच झुडपाचे फूल देव्हाऱ्यात शुद्ध मानले गेले, त्याची साल हाताळणारा माणूस मात्र दूर ठेवला गेला. झुडपाने हा भेद केला नव्हता. तरवडाची माळ ही गोड, निरागस परंपरा होती असे सांगताना ही दुसरी बाजू गाळणे अप्रामाणिक ठरेल.

आणि हीच बाजू तरवड टिकून का होता तेही सांगते. फूल वर्षातले नऊ दिवस लागते. नऊ दिवसांच्या गरजेसाठी कोणी झुडूप राखत नाही. साल मात्र दोन-तीन वर्षांच्या फांद्यांची लागते. फांद्या तोडल्या की बुंधा पुन्हा जोमाने फुटतो, आणि तोडणाऱ्याला पुढच्या खेपेसाठी तो बुंधा जिवंत हवा असतो. गुरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत, त्यामुळे चराईच्या गायरानातही तो उभा राहतो. वाळलेली काटकी चुलीला, पाला खताला. ज्याला मालक नाही पण गिऱ्हाईक आहे, अशी ही वनस्पती होती. पूजा हा त्या व्यवहाराच्या वर उमललेला भाग होता. खालचा बुंधा धंद्याचा होता.

तो बुंधा दोन-तीन बाजूंनी तुटला. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासेत आल्फ्रेड चॅटरटन यांनी क्रोमने कातडी कमावण्याचे प्रयोग सुरू केले. सालीच्या कुंडात जिथे आठवडे लागत, तिथे हे काम दिवसांवर आले. पहिल्या महायुद्धानंतर दक्षिण आफ्रिकेतून वॅटलची साल येऊ लागली. वॅटल हे मूळ ऑस्ट्रेलियाचे झाड, नाताळ प्रांतात लागवड केलेले. त्याच्या सालीत तरवडाच्या दीडपट-दुप्पट टॅनिन, आणि ती जहाजाने गठ्ठ्यांनी बंदरात उतरे. झुडपाझुडपाशी वाकून सोलायच्या सालीला हा मुकाबला झेपणारा नव्हता. इकडे खेड्यात स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत मोटेच्या जागी इंजिन आणि मग विजेचा पंप आला. चामड्याची मोट गेली तशी तिला लागणारी कुंडेही आटत गेली. चर्मकारांच्या पुढच्या पिढ्यांनी हा धंदा सोडला, आणि ज्या धंद्याने अप्रतिष्ठाच दिली तो सोडण्यात त्यांचे काही चुकले नाही. तरवडाचे गिऱ्हाईक मात्र संपले.

गिऱ्हाईक गेल्यावर जागाही गेली. गायरानावर भूमिहीनांनी हक्क सांगितला. मराठवाड्यात त्यासाठी दीर्घ लढा झाला आणि १४ एप्रिल १९९० पूर्वीची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाला घ्यावा लागला. पिढ्यान् पिढ्या ज्यांना जमीन नाकारली त्यांनी माळ कसून पोट भरले. त्यात तरवड गेला म्हणून हळहळणाऱ्याने आधी त्या पोटाचा विचार करावा. शिवाय खरी मोठी तूट तिथे झालेली नाही. वाटण्या होत गेल्या आणि रुंद बांध वीतभर उरले. ट्रॅक्टरचा फाळ बांधाच्या मुळापर्यंत गेला, तणनाशक काठापर्यंत गेले, रस्ते रुंद झाले. बांध ही दोन मालकांमधली जागा असे आणि दोघांच्याही लोभापलीकडे राहत असे. ती जागा उरली नाही, आणि तरवड तिथलाच रहिवासी होता. तेव्हा नवरात्रात पिवळे फूल हवे असेल तर बाजारात जावे लागणार, आणि बाजार ज्या फुलाची शेती होऊ शकते तेच फूल देतो. झेंडूचा बहर तारखेवर आणता येतो, तो टोपलीत टिकतो, किलोवर विकता येतो. तरवडाची पाकळी नाजूक, खुडल्यावर लवकर मलूल होणारी. ती चार कोस जाण्याऐवजी चाळीस पावले जाण्यासाठीच योग्य आहे.

इथे कोणी म्हणेल की झेंडूला चारशे वर्षे झाली, तो आता आपलाच आहे, त्याला परका ठरवून काय साधणार? हे मला पूर्ण मान्य आहे. मिरची बाहेरची, बटाटा बाहेरचा, आणि ज्या रुळाने लासूर स्टेशन घडवले तोही बाहेरचाच. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूवर कित्येक शेतकऱ्यांचा वर्षाचा हिशेब अवलंबून असतो, त्याच्या विरोधात लिहिण्याचे कारणच नाही. प्रश्न फुलाच्या जन्मगावाचा नाही. झेंडू शेतात होतो, म्हणून त्याच्या माळेतून शेतापलीकडच्या जमिनीविषयी काही कळत नाही. तरवडाची माळ करायची तर शिवारात न नांगरलेली जागा असावी लागते. माळेत तो आहे की नाही, यावरून गावाने थोडी जमीन मोकळी सोडली आहे की नाही हे कळते. ही खूण नाहीशी झाली, आणि ती परत आणण्यासाठी झेंडू काढून टाकावा लागत नाही. नऊ माळांत एक माळ पुरते.

पण शिवारातच जागा नसेल तर ती माळ कुठून आणायची? माझे उत्तर अंगण, परसबाग, शाळेचे कुंपण, देवळाचे आवार असे आहे. यावरची हरकत मला सगळ्यांत वजनदार वाटते. तरवडाचे मोल तो न लावता येतो यातच होते. तो वाफ्यात लावला की त्याची शोभेची कुंडी होईल आणि ज्या मोकळ्या जमिनीची तो साक्ष देत होता ती साक्षच खोटी पडेल. या हरकतीचा विचार करताना अमेरिकेतल्या एका फुलाची हकिगत उपयोगी पडते. तिथल्या मधल्या गवताळ प्रदेशात शंकूसारखा उंच मध्य आणि भोवती खाली झुकलेल्या जांभळट पाकळ्या असलेले एक बहुवर्षायु फूल होते, एकिनेशिया. त्याच्या बोचऱ्या मध्यावरून हेजहॉग या काटेरी प्राण्याच्या ग्रीक नावाने त्याचे नामकरण १७९४ साली मोंख या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने केले. त्याआधी लिनियसने त्याची नोंद केली होती, आणि ती नोंद १७५३ च्या त्याच ग्रंथात आहे ज्यात आपला तरवड आणि मेक्सिकोचा झेंडू आहेत. तिथल्या मूलनिवासी लोकांना त्याची मुळी औषधी म्हणून ठाऊक होती. १८३७ साली जॉन डिअर या लोहाराने इलिनॉयमध्ये पोलादी नांगर केला. चिकट काळी माती त्या नांगराला लागून राहत नसे, आणि पुढच्या काही दशकांत गवताळ प्रदेश नांगरला गेला. इलिनॉयमध्ये मूळ गवताळ जमीन आज शंभरातला एक भागही उरलेली नाही. ती जिथे उरली ती जुन्या दफनभूमींत आणि रेल्वेच्या कडेच्या पट्ट्यांत, कारण या दोन जागी नांगर जात नाही. हे फूल मात्र उरले, कारण तोवर ते बागांत शिरले होते. युरोपातल्या रोपवाटिकांनी त्याचे वाण केले. ‘मॅग्नस’ हा स्वीडनमध्ये निवडलेला वाण १९९८ साली अमेरिकेत त्या वर्षीचे उत्तम बहुवर्षायु झाड ठरला. आपल्याच मुलखाचे फूल समुद्र ओलांडून आल्यावर तिथल्या लोकांनी अंगणात मानाने लावले. आणि ते अंगणात आले म्हणूनच पुढे कित्येकांना प्रश्न पडला की हे मुळात कुठे फुलत होते? उरलेल्या पट्ट्यांतून बी गोळा करून गवताळ जमीन पुन्हा उभी करण्याच्या खटपटींना अशी ओळख असलेली माणसे लागतात. बाग ही रानाची बदली नव्हे. पण नाव, रूप आणि बी या तीन गोष्टी बाग सांभाळू शकते, आणि जे ओळखूच येत नाही त्यासाठी कोणी जागा सोडत नाही.

त्याच हकिगतीत एक इशाराही आहे. एकिनेशियाची मुळी औषधांच्या बाजारात खपू लागली तेव्हा कित्येक ठिकाणी रानातली झाडे मुळासकट उपटली गेली. तरवडाच्या फुलांचा काढा मधुमेहावर घेण्याची रीत जुनी आहे आणि आता वाळवलेली फुले पाकिटातून विकली जातात. औषध म्हणून त्याच्यावर भिस्त डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठेवू नये हे तर आहेच, पण उरलेल्या बांधांवरची फुले पाकिटांसाठी ओरबाडली तर बी धरणार नाही, ही भीतीही खरी आहे. घरी लावलेले झुडूप हा त्यावरचाही उपाय आहे.

लावणे अवघड नाही, फक्त बागकामाच्या नेहमीच्या सवयी विसराव्या लागतात. पावसाळ्यानंतरच्या शेंगा हिवाळ्यात वाळतात. त्या चपट्या, कागदासारख्या, तपकिरी होतात. पूर्ण वाळलेल्या शेंगांतले बी काढून ठेवावे. बियाण्याचे कवच टणक असते, नुसते पेरले तर पुष्कळसे बी वर्षभर तसेच पडून राहते. पेरण्याआधी त्यावर कढत पाणी ओतून रात्रभर भिजत ठेवावे, किंवा खरखरीत कागदावर घासावे. पहिला चांगला पाऊस झाला की ते जागेवरच पेरावे. मूळ सरळ खोल जाते आणि हलवलेले रोप रुसते, म्हणून वाफ्यात रोपे करून लावण्यापेक्षा हेच बरे. पिशवीत करायचेच तर पिशवी उंच घ्यावी. दोन झुडपांत चार-पाच फूट अंतर, दिवसभर ऊन, आणि पाणी साचणार नाही अशी मुरमाड जागा हवी. काळ्या चिकट मातीत उंचवटा करून घ्यावा. खत देऊ नये, त्याने पाला माजतो. शेंगवर्गीय आहे म्हणून तो जमिनीत नत्र भरतो असे सांगितले जाते, पण त्याच्या मुळांवर तशा गाठी धरत नाहीत. त्याच्याकडून ती अपेक्षा ठेवू नये. पहिला उन्हाळा थोड्या पाण्यावर काढला की पुढे ठिबकची नळी त्याच्याकडे वळवायचे कारण उरत नाही. बी काढून झाल्यावर उन्हाळ्याच्या तोंडी तो गुडघ्याएवढा छाटावा. हीच ती जुनी तोड, फक्त आता सालीसाठी नव्हे. फुले नव्या फुटीच्या शेंड्यांवर येतात, म्हणून छाटलेले झुडूप न छाटलेल्यापेक्षा अधिक फुलते. साल सोलणाऱ्यांच्या कोयत्याने पूर्वी हेच होत असणार. माळ आणि कुंड यांचा संबंध इतका आतला होता.

फुलात मध नसतो. परागकोशांच्या टोकाला बारीक छिद्रे असतात आणि काळे मोठे भुंगे फुलाला धरून घुमतात तेव्हा त्या थरथरीने पराग बाहेर झडतो. सकाळी झुडपापाशी जो घूं-घूं आवाज येतो तो याचा. पिवळसर पांढरी फुलपाखरे पानांवर अंडी घालतात, अळ्या पाने खातात, तेव्हा औषध फवारू नये. पाने पुन्हा येतात. लासूर स्टेशनच्या आसपास बी मिळवायचे तर अजून रुळाच्या कडेला, नांगर न पोचणाऱ्या पट्ट्यात पाहावे. ज्या रुळाने इथे बाजार आणला त्याच्याच हद्दीत जुने शिवार थोडे उरलेले असण्याचा संभव आहे. मात्र रेल्वेच्या हद्दीत शिरू नये, बाहेर झुकलेल्या फांदीवरच्या शेंगाही पुरतात. ओंजळभर शेंगांत एका शाळेच्या कुंपणाला पुरेल इतके बी निघते. जूनमध्ये पेरले तर पहिल्या आश्विनात ते जेमतेम गुडघ्याला येईल. माळेपुरती फुले धरायची ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या घटाला.